जीजीटी ४६: पुरुषाला ‘नॉर्मल’, स्त्रीला ‘वाढलेला’ असे का? व्यसनाच्या रक्तचाचण्यांतील स्त्री-पुरुष फरक

नागपुरातील एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशन करणाऱ्या व्यक्तीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. केंद्रात एकाच आठवड्यात दारूच्या तक्रारीसाठी आलेल्या एका पुरुषाचा आणि एका स्त्रीचा जीजीटी (यकृतावर ताण आला की रक्तात वाढणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम) योगायोगाने ४६ आला. प्रयोगशाळेने दोघांचेही अहवाल ‘नॉर्मल’ म्हणून दिले. स्त्रीच्या भावाचे समाधान झाले नाही, म्हणून त्याने तिचे रक्त दुसरीकडे तपासून घेतले. तिथे आकडा ४७ आला, पण या वेळी तो ठळक अक्षरांत छापलेला होता आणि शेजारी वर जाणारा बाण होता. यांपैकी कोणती प्रयोगशाळा चुकली, स्त्रियांच्या रक्तात व्यसन वेगळे दिसते का, आणि स्त्रीचे व्यसन खात्रीने सांगणारी एखादी रक्तचाचणी आहे का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

मी गेली चोवीस वर्षे नागपुरात जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि त्यांतील बराच काळ मानसोपचार विभागाकडून येणारे नमुने माझ्या हाताखालून गेले आहेत. माझ्याकडे माणूस येत नाही, नळी येते. त्यामुळे मी जे सांगेन ते नळीच्या बाजूने सांगेन, आणि रुग्णाच्या बाजूचे जे आहे ते आपण आणि आपले मानसोपचारतज्ज्ञ माझ्यापेक्षा अधिक जाणता, हे आधीच मान्य करतो.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सर्वांत लहान आहे: अशी चाचणी नाही, स्त्रीसाठी नाही आणि पुरुषासाठीही नाही. डीएसएम-५ या निदानसंहितेत व्यसनविकाराचे ११ निकष दिलेले आहेत, आणि गेल्या बारा महिन्यांत त्यांपैकी किमान दोन आढळले तर निदान होते. दोन किंवा तीन असतील तर सौम्य, चार-पाच असतील तर मध्यम आणि सहा किंवा अधिक असतील तर तीव्र. या ११ निकषांत ताबा सुटणे आहे, ओढ आहे, घरच्या आणि कामाच्या जबाबदाऱ्या मागे पडणे आहे, बंद केल्यावर होणारा त्रास आहे. रक्ताचा आकडा मात्र एकाही निकषात नाही. रक्त दोनच गोष्टी सांगू शकते. गेल्या काही तासांत, दिवसांत किंवा आठवड्यांत पदार्थ शरीरात गेला का, ही पहिली. आणि त्याने यकृत, तांबड्या पेशी किंवा संप्रेरके यांवर काही खूण उमटवली का, ही दुसरी. ओढ किती आहे आणि ताबा किती सुटला आहे, हे कोणत्याही नळीत उतरत नाही.

आता पहिला प्रश्न. मोजण्यात दोन्ही प्रयोगशाळा चुकलेल्या नाहीत. ४६ आणि ४७ हा फरकच नव्हे. एकाच नळीतले रक्त यंत्रात दोनदा घातले तरी एवढे इकडेतिकडे होऊ शकते. फरक पडला तो आकडा कोणाशी ताडून पाहिला, यात. संदर्भमर्यादा म्हणजे आरोग्याचा कायदा नव्हे. निरोगी समजल्या गेलेल्या लोकांचे रक्त तपासून, सर्वांत खालचे अडीच टक्के आणि सर्वांत वरचे अडीच टक्के बाजूला ठेवून, मधल्या पंच्याण्णव टक्क्यांची जी पट्टी उरते, ती मर्यादा. पुरुषांचा जीजीटी मुळातच वरच्या पट्टीत असतो. म्हणून स्वतंत्र मर्यादा देणाऱ्या प्रयोगशाळा सर्वसाधारणपणे पुरुषांसाठी ५५ ते ६० च्या आसपास आणि स्त्रियांसाठी ३५ ते ४० च्या आसपास रेघ ओढतात. ज्या ठिकाणी स्त्री-पुरुष एकत्र धरून ५५ पर्यंतची एकच मर्यादा छापली जाते, तिथे स्त्रीचा ४६ निमूटपणे ‘नॉर्मल’ होतो. आपल्या पहिल्या अहवालावर बहुधा अशीच एकत्र मर्यादा असावी. कागद काढून पाहा, ती आकड्याच्या उजव्या बाजूला लहान अक्षरांत छापलेली असते. मला विचाराल तर एकत्र मर्यादा छापणे ही आळसाची पद्धत आहे, आणि तिची किंमत स्त्री रुग्णांना मोजावी लागते.

तेव्हा खरा प्रश्न ‘रक्तात फरक असतो का’ एवढाच नाही. तो असा मांडायला हवा: पदार्थ तोंडात जाण्यापासून अहवालावर बाण उमटेपर्यंत स्त्री-पुरुष फरक कुठे कुठे शिरतो? तो अनेक टप्प्यांवर शिरतो, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याचे कारण निराळे असते.

पहिला टप्पा पोटापासून रक्तापर्यंतचा. दारूची १८० मिलिलिटरची एक क्वार्टर घ्या. ४२.८ टक्के मद्यार्क धरला तर तिच्यात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. अल्कोहोल शरीरातील पाण्यात पसरते, चरबीत फारसे शिरत नाही, आणि स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण सरासरीने कमी असते. स्वीडिश शास्त्रज्ञ विडमार्क यांनी १९३० च्या दशकात मांडलेले सूत्र आजही न्यायवैद्यकात वापरतात, त्यात पाण्याच्या या प्रमाणासाठीचा गुणक पुरुषासाठी साधारण ०.६८ आणि स्त्रीसाठी ०.५५ धरला जातो. सत्तर किलोच्या पुरुषाने ती क्वार्टर एकदम घेतली तर, पचनात जाणारा वाटा वजा न करता, एक किलो रक्तामागे सुमारे १.३ ग्रॅम अल्कोहोल येईल. पन्नास किलोच्या स्त्रीच्या रक्तात तेच २.२ ग्रॅम येईल. दोघांचे वजन साठ किलो धरले तरी १.५ विरुद्ध १.८ असा फरक उरतोच. शिवाय जठरातच अल्कोहोलचे विघटन करणारे जे विकर असते, त्याची क्रिया स्त्रियांत कमी असल्याचे १९९० पासून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणून ‘ती नवऱ्यापेक्षा अर्धीच घेते’ हे वाक्य केंद्रात ऐकू आले की माझ्या डोळ्यांपुढे हे गणित येते. अर्ध्या मात्रेने तिच्या यकृताला अर्धाच त्रास होईल असे समजण्याला आधार नाही. स्त्रियांना कमी मात्रेत आणि कमी वर्षांत यकृताचा आजार होतो, आणि पहिल्या घोटापासून व्यसनापर्यंतचा त्यांचा प्रवासही अनेक अभ्यासांत लवकर झालेला आढळला आहे.

हे दारूपुरतेच नाही. झोल्पिडेम ही झोपेची गोळी, जिचीही सवय लागते, ती स्त्रियांच्या शरीरातून हळू बाहेर पडते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ साली स्त्रियांसाठी तिची शिफारस केलेली मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणली, कारण १० ची गोळी घेऊन आठ तास झाल्यावर गाडी चालवण्यात अडथळा ठरेल इतकी रक्तपातळी सुमारे १५ टक्के स्त्रियांत आणि सुमारे ३ टक्के पुरुषांत आढळली होती. गोळी बाजारात येऊन तोवर वीस वर्षे होऊन गेली होती.

दुसरा टप्पा रक्तातल्या पदार्थापासून निदर्शकापर्यंतचा, म्हणजे सेवनाची खूण दाखवणाऱ्या आकड्यापर्यंतचा, आणि माझ्या कामातला बहुतेक गोंधळ इथेच होतो. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान. बराच काळ भरपूर दारू घेणाऱ्याच्या पेशी फुगतात आणि एमसीव्ही १०० च्या पुढे जाऊ शकतो. पण लोहाची कमतरता याच पेशी लहान करते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, त्याच वयाच्या पुरुषांत २५ टक्के. म्हणजे आपल्याकडच्या स्त्रीच्या बाबतीत दारू एका बाजूला ओढते आणि लोहाचा तुटवडा दुसऱ्या बाजूला, आणि अहवालावर आकडा मध्येच शांत बसलेला दिसतो.

या शांत आकड्याने मलाही एकदा फसवले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत चाळिशीतल्या एका बाईंचा नमुना आला होता: हिमोग्लोबिन ८.९, एमसीव्ही ८६, जीजीटी ३६. मी अहवालाखाली ‘मद्यसेवनाचा जैवरासायनिक पुरावा आढळत नाही’ असे एक वाक्य, कोणी मागितले नसताना, लिहून टाकले. घरच्यांनी तो कागद बाईंच्या बाजूचा पुरावा म्हणून जपला आणि उपचार लांबले. अडीच महिने लोहाच्या गोळ्या घेतल्यावर त्या पुन्हा तपासणीला आल्या तेव्हा एमसीव्ही १०२ होता, कारण पेशींना लहान करणारे कारण दूर झाले होते आणि फुगवणारे चालूच होते. पहिल्या नमुन्याची काचपट्टी मी नंतर काढून पाहिली. तिच्यात लहान फिकट पेशी आणि मोठ्या पेशी अशा दोन जमाती स्पष्ट दिसत होत्या, आणि पेशींच्या आकारातील विषमता सांगणारा आरडीडब्ल्यू १९ होता. तो आकडा माझ्यासमोरच छापलेला होता. तेव्हापासून स्त्रीचा एमसीव्ही मी आरडीडब्ल्यू आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) यांच्याशिवाय वाचत नाही. फेरिटिनलाही अर्थात एक खोड आहे: दारूने आणि सुजेने ते स्वतःच वर जाते, म्हणून ‘फेरिटिन बरे आहे, म्हणजे लोह पुरेसे आहे’ असा निष्कर्ष पिणाऱ्या व्यक्तीत चटकन काढता येत नाही.

विदर्भात याला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, आणि त्यांना दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध एमसीव्ही वर नेते. अशा रुग्णाचा वाढलेला एमसीव्ही दारूच्या खात्यावर टाकणे हा अन्याय होईल. शाकाहारी व्यक्तीत बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही पेशी फुगतात, तेही ध्यानात ठेवावे.

जीजीटी हे यापेक्षा सरळ वाटते, पण तेही केवळ दारूचे निदर्शक नाही. स्थूलपणा, मधुमेह, चरबीयुक्त यकृत, फिट्ससाठी दिलेली फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन यांसारखी औषधे, या सर्वांनी ते वाढते. गरोदरपणात ते थोडे खाली येते, आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची पातळी हळूहळू वर सरकते. म्हणजे ‘स्त्रियांसाठी ४०’ ही रेघसुद्धा पंचवीस वर्षांच्या आणि साठ वर्षांच्या स्त्रीला एकाच मापाने मोजते. आपल्या रुग्णाचे वय प्रश्नात दिलेले नाही, तिचे वजन आणि साखर यांचाही उल्लेख नाही, आणि ४६ चा अर्थ बऱ्याच अंशी या तीन गोष्टींवर अवलंबून आहे. यकृताच्याच तपासणीतील एसजीओटी हे विकर एसजीपीटी या दुसऱ्या विकराच्या दुपटीहून अधिक असेल तर दारूजन्य यकृतविकाराकडे बोट जाते. ते दोन आकडे त्याच अहवालावर असतील, ते अवश्य पाहा.

सीडीटी या चाचणीचा इतिहास या विषयात फार बोलका आहे. ट्रान्सफेरिन हे रक्तात लोह वाहून नेणारे प्रथिन असते. त्याच्या अंगावर टोकाला सियालिक आम्ल असलेल्या शर्करेच्या साखळ्या असतात, आणि आठवडा-दोन आठवडे रोज ५० ते ८० ग्रॅम किंवा अधिक अल्कोहोल घेतले की या साखळ्या कमी असलेल्या प्रथिनाचे प्रमाण वाढते. सुरुवातीच्या चाचणीत साखळ्या कमी असलेले हे प्रथिन (तेच सीडीटी) रक्तात किती आहे ते मोजत, आणि तिच्यात पुरुषांसाठी २० व स्त्रियांसाठी २६ युनिट अशी वेगळी रेघ ठेवावी लागे. कारण असे की लोह कमी पडले की शरीर ट्रान्सफेरिनच अधिक बनवते, आणि एकूण प्रथिन वाढले की न पिणाऱ्या स्त्रीतही त्याचा हा भाग वाढलेला दिसतो. पुढे एकूण ट्रान्सफेरिनच्या किती टक्के, असे मोजू लागले तेव्हा हा दोष बराच कमी झाला आणि दोघांनाही एकच मर्यादा लावता येऊ लागली. प्रचलित पद्धतीत ती साधारण १.७ टक्के असते. तरीही गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ही टक्केवारी दारूशिवाय वाढते, आणि जास्त पिणाऱ्या स्त्रियांना ओळखण्यात ही चाचणी पुरुषांच्या तुलनेत कमी पडते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. या उदाहरणातून माझ्यासारख्याने शिकण्यासारखे हे, की स्त्री-पुरुष फरक म्हणून जे दिसत होते त्याचा एक भाग लोहाचा होता आणि एक भाग मोजण्याच्या पद्धतीचा.

आपल्या रुग्णाबाबत एकच चाचणी निवडायची झाली तर मी पेथ निवडेन. फॉस्फॅटिडिलइथेनॉल असे तिचे पूर्ण नाव. अल्कोहोल रक्तात असेल तेव्हाच तांबड्या पेशींच्या आवरणात हा पदार्थ तयार होतो, त्यामुळे चरबीयुक्त यकृत किंवा फिट्सची गोळी त्याला वाढवू शकत नाही. गेल्या दोन ते चार आठवड्यांतील सेवन त्यातून कळते. प्रति मिलिलिटर २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर न पिणे किंवा अगदी थोडे पिणे, आणि २०० च्या वर असेल तर सातत्याने भरपूर पिणे, असा अर्थ सध्या लावला जातो. स्त्री-पुरुषांसाठी वेगळी रेघ ठेवत नाहीत. पण दोन सूचना. हा पदार्थ तांबड्या पेशींत राहत असल्याने तीव्र रक्तक्षय असेल तर आकडा जपून वाचावा, आणि नुकतेच रक्त चढवले असेल तर रक्तदात्याने घेतलेल्या दारूचा पेथ रुग्णाच्या नळीत सापडू शकतो; अशा घटनांची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. दुसरे असे की, नमुन्यात अल्कोहोल शिल्लक असेल तर नळीतच नवा पेथ तयार होऊ शकतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात धरमपेठेतून रामदासपेठेत दुचाकीच्या डिकीतून आलेला नमुना मी या चाचणीसाठी स्वीकारत नाही. थंड पेटीतून, वेळ लिहून, लगेच आलेलाच घेतो. नमुने गोळा करणाऱ्याशी यावरून दरवर्षी एकदा वाद होतो.

लघवीतील इथाइल ग्लुकुरोनाइड (अल्कोहोलपासून शरीरात बनणारा पदार्थ) ही रक्तचाचणी नव्हे, पण केंद्रांत ती वापरली जाते म्हणून एक वाक्य: मूत्रमार्गाचा संसर्ग, जो स्त्रियांत बराच अधिक आढळतो, त्यातील जिवाणू हा पदार्थ तोडूही शकतात आणि, साखर व थोडे अल्कोहोल उपलब्ध असेल तर, तयारही करू शकतात. म्हणून या चाचणीसोबत लघवीची साधी तपासणीही करून घ्यावी.

तंबाखूबद्दल आपण विचारलेले नाही, पण आपल्या केंद्रात येणाऱ्या स्त्रियांत दारूपेक्षा ती अधिक सापडेल, असे मला वाटते. पुरुष पानठेल्यावर उभा राहून खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) घोटून घेतो, बाई घरात तंबाखूची नस किंवा गुडाखू लावते, आणि विचारले की ‘मी काही खात नाही’ असे सांगते. तिच्या दृष्टीने ते खरेही असते, कारण ती ते खात नाही, दातांना लावते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातील १२.८ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे दिसले, पुरुषांत २९.६ टक्के. रक्तातील कोटिनिन हे निकोटिनचे उत्पादन, ते यात कामाला येते. पण निकोटिन आणि कोटिनिन यांचे विघटन स्त्रियांमध्ये जलद होते, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आणखी जलद, आणि गरोदरपणात तर कोटिनिन निम्मे होण्याचा काळ एरवीच्या सुमारे सतरा तासांवरून नऊ तासांच्या आसपास येतो. म्हणून गरोदर स्त्रीचे कोटिनिन कमी आले यावरून तिने तंबाखू कमी केली असे लगेच म्हणू नये. आणि प्रसूतीनंतर ते वाढले तर तिने पुन्हा सुरू केली असेही लगेच म्हणू नये. निकोटिनचे च्युइंग गम चालू असेल तर कोटिनिन वाढलेलेच राहील, तेव्हा ॲनाबेसिन मोजावे लागते, कारण ते तंबाखूतून येते, गममधून नाही. आणि खर्ऱ्यातली सुपारी कोटिनिनमध्ये मुळीच दिसत नाही, जरी तिची सवय तंबाखूइतकीच चिवट असली तरी.

आता वर्तमानपत्रांत आणि संशोधनपत्रिकांत ज्यांचे नाव येते, त्या नव्या निदर्शकांकडे येतो: मेंदूतील चेतापेशींच्या वाढीशी संबंधित बीडीएनएफ, इंटरल्यूकिन-६ सारखे दाहाचे रेणू, कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक, प्रोलॅक्टिन हे अंगावरच्या दुधाशी निगडित संप्रेरक, आणि शरीरातच बनणारे गांजासदृश मेदपदार्थ. कोकेन आणि दारूच्या रुग्णांत यांच्या पातळीत स्त्री-पुरुष फरक असल्याचे शोधनिबंध येत आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत, कारण या विषयातील पूर्वीचे बरेच काम पुरुषांवरच झालेले आहे. अमेरिकेत शासकीय निधीच्या रुग्णसंशोधनात स्त्रियांचा समावेश बंधनकारक करणारा कायदासुद्धा १९९३ सालचा. पण रुग्णालयात मी यांपैकी एकही चाचणी व्यसनाच्या निदानासाठी करत नाही, आणि त्याची कारणे सांगण्यासारखी आहेत.

बीडीएनएफ प्रामुख्याने प्लेटलेट्समध्ये साठवलेले असते आणि रक्त गोठताना बाहेर पडते. त्यामुळे गोठलेल्या रक्ताच्या सीरममध्ये ते न गोठलेल्या रक्ताच्या प्लाझ्मापेक्षा कितीतरी पट अधिक येते, आणि नळी टेबलावर किती वेळ उभी होती यावरही आकडा बदलतो. त्यात वजन, वय, आणि मासिक पाळीचा टप्पा यांनी भर पडते. नैराश्यातही ते कमी आढळते, आणि व्यसनी स्त्रियांत नैराश्य पुरुषांपेक्षा अधिक सापडते. मग कमी आलेला बीडीएनएफ दारूचा म्हणायचा, नैराश्याचा म्हणायचा, की ज्या दिवशी रक्त घेतले त्या दिवसाचा? कॉर्टिसॉलचे असेच. गर्भनिरोधक गोळ्यांतील इस्ट्रोजेनमुळे कॉर्टिसॉल वाहून नेणारे प्रथिन वाढते आणि एकूण कॉर्टिसॉल जास्त दिसते, प्रत्यक्षात ताण वाढलेला नसतो. तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनने सीआरपी हा दाहाचा निदर्शकसुद्धा वाढतो. प्रोलॅक्टिनची मर्यादा स्त्रियांत मुळातच वर असते आणि अफूवर्गीय पदार्थांनी ते आणखी वाढते. बाईची पाळी अनियमित झाली की स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते आणि व्यसनाचा प्रश्न तिथे विचारला जात नाही, पुरुषात टेस्टोस्टेरॉन घटते आणि तो कोणाकडेच जात नाही.

एमडीचे विद्यार्थी प्रबंधासाठी माझ्याकडे आकडे घेऊन येतात, तेव्हा एक चूक हमखास दिसते. शंभर रुग्ण घेतलेले असतात, त्यांत ब्याण्णव पुरुष आणि आठ स्त्रिया. पुरुषांत फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या सार्थ निघतो, स्त्रियांत निघत नाही, आणि निष्कर्ष लिहिला जातो की हे निदर्शक स्त्रियांत काम करत नाही. आठ जणींत काहीच सार्थ निघणार नव्हते. रुग्ण आणि निरोगी या दोन गटांतला फरक स्त्री-पुरुषांत खरोखर वेगळा आहे का, हे पाहायचे तर त्या फरकांमधलाच फरक तपासावा लागतो, आणि त्यासाठी, स्त्रिया आणि पुरुष सारख्या संख्येने धरले तरी, मूळ परिणामाएवढाच फरक पकडायला सुमारे चौपट नमुने लागतात. शोधनिबंधाचा सारांश वाचताना आपणही स्त्रियांची संख्या किती होती, एवढे मात्र आधी शोधा.

तिसरा टप्पा अहवालानंतरचा. समजा एखादी चाचणी खऱ्या शंभर रुग्णांपैकी सत्तर पकडते आणि शंभर निरोग्यांपैकी दहांना चुकून पकडते. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत. हजार पुरुषांत दोनशे रुग्ण असतील तर एकशे चाळीस खरे आणि ऐंशी खोटे सापडतील. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ आलेल्यांत दर तिघांपैकी जवळजवळ दोघे खरे. हजार स्त्रियांत दहाच रुग्ण असतील तर सात खऱ्या आणि नव्व्याण्णव खोट्या सापडतील. चाचणी तीच, रेघ तीच, पण सरसकट वापरली तर शंभराहून अधिक घरांत बाईवर संशय आणि त्यांतील सातच ठिकाणी तो खरा. भारत सरकारच्या २०१९ च्या अहवालात दारू घेणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत २७.३ टक्के आणि स्त्रियांत १.६ टक्के होते, त्यामुळे हे गणित आपल्याकडे फार दूरचे नाही. केंद्रात स्वतःहून आलेल्या स्त्रीला ते लागू होत नाही, कारण तिथे रुग्णच अधिक असतात. लग्नाच्या किंवा घटस्फोटाच्या वादात कोणी तिचे रक्त तपासायला आणतो, तेव्हा ते पुरेपूर लागू होते.

म्हणून आपल्या प्रश्नातील भावाचा उल्लेख मला खटकला. त्याचा हेतू चांगला असेल. तरी दुसऱ्या तपासणीसाठी त्या स्त्रीची संमती घेतली होती का, आणि अहवाल कोणाच्या हाती दिला गेला, हे विचारून घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश आहे, आणि त्याच्या कलम २३ ने रुग्णाला माहितीच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पुरुषाचा जीजीटी घरात चर्चेला येतो तसा स्त्रीचा येऊ लागला, तर ती पुढच्या वेळी रक्त द्यायला येणारच नाही.

आपल्या रुग्णासाठी मी काय करेन ते सांगतो. ४६ आणि ४७ या दोन्ही आकड्यांचा निकाल आज लावणार नाही. ते तिचे सुरुवातीचे आकडे म्हणून तारखेसह लिहून ठेवेन. पुढचा नमुना देताना आपल्याकडून एक चिठ्ठी सोबत मागेन: वय, वजन, शेवटच्या पाळीची तारीख, गरोदर आहे का, गर्भनिरोधक किंवा फिट्सच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या कधीपासून, गेल्या काही महिन्यांत रक्त चढवले का, सिकलसेल आहे का, आणि शेवटची दारू व शेवटची तंबाखू कधी. जीजीटी, एसजीओटी, एसजीपीटी, आरडीडब्ल्यूसह रक्तगणना, फेरिटिन आणि शक्य असेल तर पेथ, एवढे पुरे. ती दारूपासून दूर राहिली तर जीजीटी दोन-तीन आठवड्यांत निम्म्याकडे यायला लागेल, एमसीव्हीला मात्र तांबड्या पेशींच्या १२० दिवसांच्या आयुष्यामुळे तीन-चार महिने लागतील. सहा आठवड्यांनी जीजीटी ४६ वरून २४ वर आला, तर ४६ तिच्यासाठी जास्तच होता हे कळेल, मग कोणत्या प्रयोगशाळेने बाण काढला होता आणि कोणत्या नव्हता याला महत्त्व उरणार नाही. तो ४५ वरच राहिला आणि पेथ २० च्या खाली आला, तर मी तिच्या दारूविषयी बोलणे थांबवून तिची साखर आणि पोटाची सोनोग्राफी पाहायला सांगेन. आणि त्या पुरुषाचेही हेच सर्व करा. पुरुषांच्या पट्टीत ४६ बसला, म्हणून त्याचे यकृत तपासायचे राहून जाऊ नये.